परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि कारखाने गेलेली गावे

ठाणे-बेलापूर रस्त्यावरची रबाळे, महापे, तुर्भे ही नावे आज माहिती तंत्रज्ञानाच्या संकुलांमुळे ओळखली जातात. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मात्र ही भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगणारी आगरी-कोळ्यांची गावे होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून त्याच्या कामाला सुरुवात झाली आणि पुढे खाडीपलीकडच्या पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले. त्यांतले कित्येक कालांतराने बंद पडले. कल्याणजवळच्या मोहने येथील नॅशनल रेयॉनही २००९ च्या सुमारास थांबली. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांची आधी जमीन गेली होती, मग जमिनीच्या बदल्यात आलेली नोकरीही गेली.

या दोन्ही उलथापालथींत विद्यापीठाचा संबंध फारसा आला नाही, आणि त्याचे कारण त्याच्या जन्मातच शोधावे लागते. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे मूळ काम महाविद्यालयांना संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. आसपासच्या मुलखाच्या पोटापाण्याची जबाबदारी त्यात गृहीतच नव्हती. अमेरिकेत १८६२ च्या मोरिल कायद्याने शेती व यांत्रिकी शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या आणि १९१४ मध्ये विस्तारसेवेला कायद्याचा आधार मिळाला, म्हणजे संशोधन बांधापर्यंत नेणे हे विद्यापीठाचेच काम ठरले. आपल्याकडे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, पण तो विचार प्रत्यक्षात रुजला तो मुख्यतः कृषी विद्यापीठांत: १९६० मध्ये पंतनगर, १९७२ मध्ये दापोली. कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्रातून आलेले ‘कर्जत-३’ हे भाताचे वाण ही त्या विस्ताराचीच खूण आहे. कारखाना सुटलेल्या फिटरसाठी किंवा कारखान्याच्या कामावर चालणाऱ्या लहान वर्कशॉपसाठी अशी विस्तारसेवा कोणी उभारली नाही, आणि मुख्य उणीव ही आहे, असे माझे मत आहे.

जर्मनीतल्या लाउझित्स या कोळशाच्या, बऱ्याच अंशी ग्रामीण प्रदेशात १९९१ मध्ये कॉटबुस येथे तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. तेवढ्याने तिथली तरुण पिढी बाहेर जायची थांबली नाही, हेही नोंदवले पाहिजे; इमारत आणि पदव्या पुरेशा नसतात.

आपल्या परिसरातले जवळचे उदाहरण पवईचे आहे. तिथल्या आयआयटीने १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र काढले आणि विद्यार्थ्यांना गावांतल्या पाणी, ऊर्जा, शेती यांसारख्या प्रश्नांवर काम करायला लावले. २०१४ च्या उन्नत भारत अभियानाने हीच दिशा देशभरच्या संस्थांपुढे ठेवली. मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र बाळकुमला आहे, आणि तिथे भर विधी व व्यवस्थापनाच्या शिक्षणावर राहिला. शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी कमी प्रवास करावा लागणे ही सोय आहेच. पण बंद कारखान्यातल्या कारागिराला जिथे आपला प्रश्न घेऊन जाता येईल, असे दार त्या रचनेत अजून नाही.