विडी वळण्याचे काम (सोलापूर)

विडी वळण्याचे काम हा सोलापूर शहरातला, घरी बसून करायचा आणि हजारी दराने, म्हणजे दर हजार विड्यांमागे, मजुरी मिळणारा व्यवसाय आहे. तो जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हातात आहे. अशोक चौक, कन्ना चौक, दत्तनगर, नीलमनगर या पूर्व भागातल्या वस्त्या आणि हैदराबाद रस्त्यापलीकडची विडी घरकुले ही त्याची मुख्य ठिकाणे. वळणाऱ्यांत तेलुगू भाषक पद्मशाली या विणकर समाजातल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. दलित आणि मुस्लिम बायकाही आहेत. घरातला पुरुष यंत्रमागावर चादर किंवा टॉवेल विणतो आणि बाई विड्या वळते, ही इथली जुनी विभागणी. तेलंगणातल्या सिरसिल्ल्यातही हीच जोडी दिसते, कारण विणकर कुटुंबे तिकडूनच इकडे आली. सोलापूरची जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे शहरातल्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमागाची मजुरीही बेभरवशाची झाली. तेव्हापासून अनेक घरांत विडीचे पैसे हेच आठवड्याच्या बाजारहाटाचे पैसे आहेत.

कारखाना हा शब्द इथे फसवा आहे. तिथे विडी वळली जात नाही. तिथे पान, तंबाखू आणि दोरा वजनावर मिळतो आणि वळलेली विडी मोजून घेतली जाते. पान टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूपत्ता. तो उन्हाळ्यात विदर्भाच्या जंगलांत तोडला जातो आणि सत्तर पानांच्या पुड्यांत बांधला जातो. कामाची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. पाने पाण्यात भिजवून निथळायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर मुरवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायचे. मोठ्या पानातून दोन-तीन तुकडे निघतात, बारक्यातून एकच. जाड शीर टाळावी लागते, नाहीतर वळताना पान फाटते. मग सूप मांडीवर घ्यायचे, तुकड्यावर चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची, बोटांत वळायची, रुंद तोंड नखाने किंवा सळईने आत मुडपायचे आणि निमुळत्या टोकाला दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. हजार विड्यांत साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम तंबाखू जाते. आठ तासांत हजार वळायच्या तर एका विडीला अर्धा मिनिटही मिळत नाही. त्यात पान कापण्याचा वेळ धरलेला नाही. म्हणून हजार हा चांगल्या हाताचा आकडा आहे आणि पाचशे-सातशेवर थांबणाऱ्या पुष्कळ आहेत. तोंड मुडपण्याचे काम शाळेतून आलेल्या मुलीकडे जाते. ते कोणी मजुरी म्हणून मोजत नाही.

बिघडते ते बहुतेक पानामुळे. पान कोरडे राहिले तर तडकते आणि जास्त भिजले तर काळे डाग पडतात. पावसाळ्यात कट्ट्यांना बुरशी धरते, म्हणून वळलेली विडी चुलीजवळ किंवा पत्र्याच्या छपराखाली सुकवतात. तंबाखू ओलसर असेल तर विडी दबते, फार सुकी असेल तर खकाणा उडतो. तो खकाणा स्वयंपाकाच्या भांड्यावर, पाळण्यातल्या बाळावर आणि वळणारीच्या छातीत बसतो. मान, कंबर आणि डोळे यांच्या तक्रारी सर्रास आढळतात, खोकलाही जुना असतो. बोटांची टोके झिजतात आणि त्याचा हिशेब म्हातारपणी वेगळ्याच ठिकाणी द्यावा लागतो.

मजुरी दर हजारी ठरलेली असते, पण हातात पडणारी रक्कम तीन ठिकाणी गळते. पहिली गळती पानाची. वजन बरोबर असते, पण पुड्यात फाटकी, भोके पडलेली, किडकी पाने निघाली की हजार तुकडे होत नाहीत. समजा नऊशेच झाले, तर उरलेल्या शंभराचे पान वळणारी बाजारातून स्वतःच्या पैशाने आणते. ही रक्कम कोणत्याही पावतीवर दिसत नाही. दुसरी गळती छाटीची. तपासणारा कट्टा हातात घेतो, दाबतो आणि सैल, वाकडी, आखूड म्हणून विड्या बाजूला काढतो. त्या विड्यांची मजुरी मिळत नाही, आणि कित्येकदा विडीही परत मिळत नाही. अशा नकाराला नियमांत मर्यादा घातलेली आहे, पण रांगेत उभ्या बाईने तिथेच हुज्जत घातली तर उद्याचे पान कमी येईल ही भीती असते. तिसरी गळती कामाच्या दिवसांची. मागणी उतरली की हजाराऐवजी पाचशेचेच पान मिळते किंवा आठवड्यात चारच दिवस काम येते. दर तोच राहतो, मिळकत निम्मी होते. केवळ हजारी दराचा आकडा पाहून या घरांची गरिबी मोजणारे इथेच चुकतात.

या छाटीला कायद्यात मात्र अनपेक्षित मोल आले. विडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) कायदा १९६६ सालचा आहे. त्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले आणि नोंदवही, प्रसूतिलाभ हे तिच्या पदरात पडले. मालकांचा युक्तिवाद असा होता की आमच्या छपराखाली काम होत नाही, वेळेवर आमचा ताबा नाही, तेव्हा ही आमची नोकर नव्हे. भविष्य निर्वाह निधीच्या (बोलीत फंडाच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. वळलेली विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि एवढा ताबा पुरेसा आहे, असा त्या निकालाचा रोख होता. ज्या कृतीने बाईची मजुरी कापली जाते तीच ती नोकर असल्याचा पुरावा ठरली. म्हणूनच पुढे काही ठिकाणी कागदावर खरेदी-विक्रीची पद्धत आली. त्यात बाई पान-तंबाखू विकत घेते आणि तयार विडी विकते असे दाखवले जाते. नोकरीच उरली नाही की फंडही उरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा त्यांत विलीन झाला.

फंडाचा कागद नीट ठेवणे हे वळण्याइतकेच कसबाचे काम आहे. विडी उद्योगात वर्गणी १० टक्के आहे, इतरत्र असते तशी १२ नव्हे. पेन्शनसाठी निदान १० वर्षांची सेवा लागते. हिशेब साधा आहे: पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पगार ४,००० आणि सेवा १८ वर्षे धरली तर महिन्याला सुमारे १,०२९ रुपये येतात. मजुरी कमी नोंदली गेली असेल तर रक्कम किमान मर्यादेवर, म्हणजे १,००० रुपयांवर, येऊन थांबते. ही किमान मर्यादा २०१४ पासून तीच आहे. अडचणी ठरलेल्या आहेत. तेलुगू आडनाव देवनागरीत एक, इंग्रजीत दुसरे आणि आधारवर तिसरे. माहेरचे नाव फंडात, सासरचे बँकेत. जन्मतारीख अंदाजाने लावलेली. आणि हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर बोट ठेवले तर ठसा उमटत नाही, कारण चाळीस वर्षे पान वळून रेषाच गेल्या आहेत. अशा वेळी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीचा पर्याय मागावा. तो उपलब्ध आहे, पण खिडकीवर आपणहून सांगितला जाईलच असे नाही. आणखी एक घरगुती चूक अशी की कार्ड सासूचे आणि वळते सून. सासू गेली की सुनेची पंधरा वर्षे कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत. म्हणून कार्ड वेगळे काढणे, रोजची विडी वहीत उतरवून घेणे आणि वर्षाला एकदा फंडाची शिल्लक पाहणे या तीन गोष्टी कामगार संघटनेचे कार्यकर्ते पुन्हा पुन्हा सांगतात.

कल्याण निधीचा पाया १९७६ च्या दोन कायद्यांनी घातला. विडीवर उपकर बसवायचा आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरे द्यायची, अशी ती रचना होती. जीएसटी आल्यावर, जुलै २०१७ पासून, उपकर रद्द झाला. योजना बंद झाल्या नाहीत, पण त्यांचा स्वतःचा पैशाचा झरा आटला आणि त्या अंदाजपत्रकाच्या तरतुदीवर आल्या. मुलांची शिष्यवृत्ती पहिलीपासून वर्षाला १,००० रुपयांनी सुरू होते आणि व्यावसायिक पदवीला २५,००० पर्यंत जाते. अर्ज ऑनलाइन असतो. आईचे विडी कामगार ओळखपत्र आणि मुलाचे आधारशी जोडलेले बँक खाते लागते. अर्ज सर्वांत जास्त अडतो तो खाते जोडलेले नसल्यामुळे. सोलापूरकर बायकांना आणखी एक गोष्ट नात्यागोत्यातून कळते: तेलंगणात विडी कामगारांना राज्य सरकारची स्वतंत्र पेन्शन आहे. तिकडच्या बहिणीला ती मिळते, इकडे काम तेच असूनही नाही.

घर हा या शहरातल्या विषमतेविरुद्धच्या प्रयत्नांचा सर्वांत दिसणारा भाग. विडीवालीसाठी घर म्हणजेच कामाची जागा. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत पान भिजते, तंबाखू पसरते, भाकरी होते आणि मुले झोपतात. त्यामुळे इथली घराची मागणी मजुरीच्या मागणीइतकीच जुनी आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, कामगार संघटनेतून उभ्या राहिलेल्या महिला विडी कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारी येथे दहा हजार घरे बांधली. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव त्या वसाहतीला आहे. घरे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. खर्चाला केंद्राचा, राज्याचा आणि कामगार बाईचा स्वतःचा असे तीन वाटे होते. त्याच कुंभारीत पुढे रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आखला गेला. त्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. लाभार्थ्यांत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले आणि वाहनचालकही आहेत.

शहराबाहेर घर मिळाले की छपराचा प्रश्न सुटतो आणि रस्त्याचा उभा राहतो. कारखान्याची शाखा वसाहतीत नसेल तर विडी टाकायला आणि पान आणायला रिक्षाभाडे पडते. हे भाडे हजारी दरात धरलेले नसते. यंत्रमागावरच्या पुरुषाची पाळी रात्री सुटली तर परतीचे वाहन नसते. घराचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला ठरलेला. त्यासाठी बचतगटाऐवजी आठवडी हप्त्याच्या खाजगी कर्जाकडे वळलेल्या घरांची ओढाताण जास्त होते.

विडीऐवजी दुसरे काम द्यावे, असे सगळेच म्हणतात. सोलापुरात त्यासाठी वाव आहे: गणवेश शिलाई, टॉवेलची कडशिलाई आणि पॅकिंग, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरीचा धंदा भांडवल कमी मागतो आणि घरातूनच चालतो, त्यामुळे तो लवकर रुजला. शिलाईत मात्र दोन खाचा आहेत. शिकण्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मिळकत विडीपेक्षाही कमी असते, आणि तो तोटा भरून देणारा विद्यावेतनाचा भाग बहुतेक प्रशिक्षणांत नसतो किंवा उशिरा येतो. दुसरे म्हणजे शिलाईचे काम ठरल्या वेळेला, ठरल्या जागी असते. विडीचे सूप मात्र नळाला पाणी आले की बाजूला ठेवता येते आणि पाणी भरून झाले की पुन्हा मांडीवर घेता येते.