मुंबई–दुबई: तिकिटावरचे तास आणि विमानातले तास

आईचं दुबईचं तिकीट आलं तेव्हा तिने बोटांवर हिशेब केला. दुपारी साडेचारला सुटणार, सव्वासहाला पोचणार. "पावणेदोन तासच की! पुण्याला जायला याच्या दुप्पट लागतात." आईला मधुमेह आहे, आणि त्या हिशेबावर तिने पर्समधला खाऊचा डबा काढूनही ठेवला होता. तिकिटावरच्या दोन्ही वेळा बरोबर होत्या. चुकली ती वजाबाकी.

सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावच्या. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. तिथे सव्वासहा वाजतात तेव्हा इथे पावणेआठ झालेले असतात, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. परतीत नेमकं उलटं होतं. तिचं विमान रात्री १०:०५ ला सुटून २:४० ला मुंबईत येणार होतं. नुसती वजाबाकी केली तर चार तास पस्तीस मिनिटं येतात, त्यातून दीड तास काढला की तीन तास पाच मिनिटं. जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा. उन्हाळ्यात घड्याळं पुढे सारण्याची पद्धत दोन्हीकडे नाही, त्यामुळे हा दीड तास बाराही महिने तोच.

आता अंतराचं बघू. मुंबई ते दुबई सरळ हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर. (मुंबईहून गुवाहाटी याहून लांब आहे, हे ऐकून आईला फार आश्चर्य वाटलं.) जेट विमान उंचावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातं, म्हणजे भागाकार केला तर सव्वादोन तास पुरायला हवेत. मग वरचा तास जातो कुठे?

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान उभ्या जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर ठरलेल्या जागी थांबलं की संपतो. त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल आली, उड्डाणासाठीची रांग आली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी मोकळेपणाने विमानं सोडता येत नाहीत. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाही, ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी वळत जातं. उशीर गृहीत धरून कंपन्या थोडी मिनिटं जास्तीचीही ठेवतात.

आणि वारा. हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. दुबईला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. अंतर तेच असूनही येण्याचा वेळ बहुधा थोडा कमी भरतो तो यामुळे.

परतीच्या तिकिटावर तारीखही नीट वाचा. शुक्रवारी रात्री दुबईहून सुटलेलं विमान मुंबईत उतरतं तेव्हा शनिवार लागलेला असतो. न्यायला येणाऱ्याला नुसतं "शनिवारी रात्री" सांगितलं, तर तो जवळजवळ एक दिवस उशिरा येईल. "शुक्रवारी रात्री जेवून लगेच निघ, मध्यरात्रीनंतर पावणेतीनच्या सुमाराला मी उतरते," असं सांगा.