छताच्या पत्र्याला नक्षी कशासाठी?

पाव मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा दोन कडांना धरून आडवा उचलून बघा. मधोमध लगेच झोळ पडतो. अंगठ्याने दाबला तर टक् करून आत जातो, सोडला की टक् करून बाहेर येतो. असा पत्रा खोलीच्या छताला आतल्या बाजूने ठोकला, तर महिनाभरात छताला पोटं सुटलेली दिसतील. त्याच पत्र्यावर फुलं, वेली, चौकटी उठवल्या की मात्र तो ताठ होतो.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण वजनही दुप्पट. नक्षी हेच काम वजन न वाढवता करते. ठशात दाबल्यावर पत्र्याचा काही भाग वर, काही खाली जातो. मधल्या पातळीपासून धातू जितका दूर, तितका तो वाकण्याला जास्त विरोध करतो. पन्हाळी पत्रा याच तत्त्वावर चालतो, पण तो एकाच दिशेने ताठ असतो. फुलापानांचे उठाव सगळीकडे वळलेले असल्याने कुठल्याच बाजूला सहज दुमडत नाहीत. शिवाय थंड पोलाद दाबून ताणलं की ते थोडं आणखी कणखर होतं.

गंमत अशी, की हे कोणी ताठपणासाठी सुरू केलंच नव्हतं. 1880 नंतर अमेरिकेत या छतांची चलती झाली, ती महागड्या कोरीव गिलाव्याची स्वस्त नक्कल म्हणून. पांढरा रंग दिला की खालून फरक कळत नसे. गिलाव्याला चौरस मीटरला वीस किलोच्या वर वजन सहज लागतं, पत्र्याला दोन-अडीच किलो पुरतं. सिडनीच्या टाउन हॉलमधल्या 1889 च्या मोठ्या सभागृहात तर ठशात दाबलेल्या जस्ताच्या पत्र्याचं छत मुद्दाम घातलं. तिथल्या ऑर्गन या अवाढव्य वाद्याच्या कंपनांनी गिलावा डोक्यावर पडेल, ही भीती होती.

इंग्रजीत या छतांना 'टिन' म्हणजे कथलाची छतं म्हणतात, पण आत बहुतेक पोलादच. त्यावर असलीच तर कथलाची पातळ कल्हई. ही कल्हई अखंड आहे तोवर उत्तम. एकदा ओरखडा पडून ओल पोचली, की उघडं लोखंड कथलाच्या शेजारी उलट लवकर गंजतं. जस्ताचं वेगळं आहे: ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. म्हणून कथलाच्या पत्र्याच्या कापलेल्या कडा आणि खिळ्यांची डोकी प्रायमरने, म्हणजे रंगाखालच्या अस्तराने, झाकायची. उघड्या पोलादावर पाण्यात कालवलेला साधा रंग थेट फासला, तर वाळता वाळताच तांबूस डाग उमटतात. तिथे तेलातला प्रायमर बरा.

पोलाद तापलं की वाढतं. सहा मीटर लांबीच्या खोलीत 20 अंशांच्या फरकाने जवळपास दीड मिलिमीटर. सपाट पत्रा एवढ्यानेही फुगला असता. इथे प्रत्येक उठाव जरासा दबतो आणि वाढ पोटात घालतो.

आवाजाचं मात्र हे छत काही ऐकत नाही. कठीण धातू तो जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतो. गालिचे, पडदे नसलेल्या खोलीत भांडं पडलं तर कानठळ्या बसतात.

जुनं छत हाती लागलं, तर हौसेने कोरडं घासायला घेऊ नका. जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ श्वासातून थेट रक्तात जाते.