मिठाला पाणी सुटतं त्या दिवशी

आषाढातली दुपार. वेंगुर्ल्याच्या घरात माडीवरच्या खिडकीपाशी माझं टेबल आहे. तीन आठवडे घासून, लांबी भरून, पुन्हा घासून तयार केलेल्या छोट्या मॉडेल गाडीच्या बॉडीवर मी मरून रंगाच्या लॅकरचा शेवटचा हात मारला आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारा ब्रश, खाली ठेवला. बॉनेट आरशासारखं चमकत होतं. हात धुऊन परत आलो, तर कुणी ताक सांडून फडक्यानं पुसावं तसा पांढुरका पदर त्यावर चढलेला. टपावर, डिकीवर, दारांवर, सगळीकडे. त्याच सकाळी खाली स्वयंपाकघरात आईनं बरणी उघडून म्हटलं होतं, "मिठाक पाणी सुटला." या दोन गोष्टींचं मूळ एकच आहे हे समजायला मला पुढची काही वर्षं लागली.

लॅकर वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो. उडताना तो उष्णता घेऊन जातो. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट फिरवलं की गार लागतं, तसाच नुकता रंगवलेला पत्रा किंवा प्लास्टिक काही क्षण थंड होतं. आता हवेकडे पाहा. जुलैत आमच्याकडे 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता ही रोजचीच गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, 26 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे रंगाचा पृष्ठभाग जेमतेम दोन अंशांनी थंडावला तरी हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. ओल्या रंगात हे बारीक थेंब अडकतात, नंतर पाणी निघून जातं आणि त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांच्यावर आपटून उजेड सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून रंग पांढरा दिसतो. दूध, फेस आणि ढग पांढरे दिसतात तेही उजेड असा विखुरल्यामुळेच. पौषातल्या दुपारी तेच 28 अंश असले आणि आर्द्रता 50 टक्क्यांवर आली, तर दवबिंदू 16-17 अंशांवर उतरतो. मग रंगाला थंड व्हायला अकरा अंशांची मोकळीक मिळते आणि बॉनेट काचेसारखं राहतं.

मिठाचंही असंच. हवेची आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा खडा हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळायला लागतो. त्यामुळे मिठाची बरणी हा घरातला आर्द्रतामापकच आहे. मीठ ओलं असेल त्या दिवशी लॅकरला हात लावायचा नाही, हा नियम मी आजही पाळतो.

पण पावसाळा चार महिन्यांचा. तेवढा काळ हात बांधून बसायचं का? याचं उत्तर मला आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत मिळालं. शाडूच्या मूर्ती रंगवण्याचा हंगाम म्हणजे नेमका आषाढ-श्रावण, वर्षातली सगळ्यात ओली हवा. तिथले काका मूर्तींच्या रांगेवर बल्ब टांगून ठेवत आणि ऊब लागलेल्या मूर्तीवरच रंग फवारत. मी रंग लवकर पुरा करायला धडपडायचो तेव्हा ते म्हणायचे, "घाई कित्याक? पयलो हात सुकांदे." बल्बामुळे हवेतलं पाणी कमी होत नाही, पण गरम हवेत तेच पाणी टक्केवारीत कमी भरतं. 28 अंशांची 90 टक्के दमट हवा 38 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 51 टक्क्यांवर येते. शिवाय मूर्तीचा पृष्ठभाग दवबिंदूच्या बराच वर राहतो, त्यामुळे थंडावल्यावरही त्यावर दव धरत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे एक लाकडी पेटी आहे, आत 60 वॉटचा बल्ब. बॉडी आधी त्यात कोमट करायची, बाहेर काढून दोन मिनिटांत रंग मारायचा, आणि थिनरचा वास पुरता गेल्यावरच परत आत ठेवायची. हा शेवटचा भाग टाळू नये. थिनरची वाफ पेट घेते आणि बल्ब तापलेला असतो. खिडकी उघडी आणि नाकातोंडावर वाफ अडवणारा मास्क हवाच.

हा छंद मला पंचेचाळीस वर्षं धरून ठेवतो आहे, आणि त्याचं कारण मला त्या पांढऱ्या बॉनेटमध्येच सापडलं. गाडी चोवीस पट लहान करता येते, हवेतल्या वाफेला लहान करता येत नाही. रंगाला, उजेडाला, मिठाला, पाण्याच्या थेंबालाही नाही. या न लहान होणाऱ्या गोष्टींशी जुळवून घेत खरी वाटेल अशी गाडी उभी करणं, हेच सगळं काम आहे.

माझी पहिली गाडी सावंतवाडीच्या चितार आळीतली, लाकडाची. रंगीत लाकडी खेळणी आणि लाखकाम यांसाठी ती आळी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहे. लाकडापासून प्लास्टिकपर्यंतची वाट फक्त माझ्याच आयुष्यात आली असं नाही. जपानमधल्या शिझुओकाची तामिया ही या छंदातली सर्वांत ओळखीची कंपनी 1946 साली लाकडाच्या धंद्यात सुरू झाली, मग लाकडी मॉडेलं करू लागली आणि 1960 मध्ये प्लास्टिककडे वळली. मापांचे आकडेही असेच जुन्या सवयींतून आलेले. 1:24 म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. 1:43 हे विचित्र माप आलं खेळण्यातल्या आगगाड्यांवरून, तिथे एका फुटाला 7 मिलिमीटर धरत.

मॉडेल जोडायच्या सुट्या भागांच्या किटमधलं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरीन. पूर्वी गणपतीच्या मखराला वापरत तो थर्माकोलही तेच, फक्त हवा भरून फुगवलेलं. एक प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. मोसंबीची किंवा संत्र्याची ताजी साल थर्माकोलच्या तुकड्याजवळ धरून दुमडून दाबा. सालीतून बारीक फवारा उडेल आणि थर्माकोलवर खड्डे पडतील. सालीच्या तेलातलं लिमोनीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. मॉडेल जोडायच्या काही सिमेंटमध्ये हेच लिमोनीन वापरतात.

त्याला गोंद म्हणणं मला पटत नाही. गोंद दोन तुकड्यांच्या मध्ये राहतो. हे द्रावण दोन्ही कडा मऊ करतं, दोन्हींतल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरतात, गुंततात, मग द्रावण उडून जातं आणि सांधा एकजीव होतो. काथ्याचे आखूड धागे पिळून सुंभ वळतात तेव्हा कुठेही गाठ नसते, तरी तो होडी बांधून ठेवतो. त्यातला जोर गुंत्याचा. इथेही तेच. म्हणून जोडलेले भाग किमान एक दिवस तसेच ठेवावेत. वरून कोरडं वाटलं तरी आत द्रावण असतं, आणि घाईनं घासलं तर सांध्याच्या जागी आठवड्याभरानं बारीक चर उमटते.

झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद मात्र पाण्याच्या अंशामुळेच घट्ट होतो. पावसाळ्यात त्याची वाफ हवेतल्या ओलीला भिडते आणि आसपासच्या काचांवर पांढरी पूड होऊन बसते. खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्या असलेल्या गाडीत तो वापरून मी एक विंडस्क्रीन कायमची धुरकट करून घेतली आहे. काचा आता साध्या फेव्हिकॉलनं लावतो.

रंगाच्या जाडीचा हिशेब पाहिला तर या कामातली खरी अडचण दिसते. खऱ्या मोटारीवर सगळे थर मिळून रंग साधारण 100 ते 120 मायक्रॉन जाड असतो, मिलिमीटरचा दहावा हिस्सा. चोवीस पट लहान गाडीवर तो चार-पाच मायक्रॉनचा हवा. एअरब्रशनं कितीही पातळ मारला तरी प्रायमर, रंग आणि वरचा चकचकीत थर मिळून 40 मायक्रॉन सहज होतात. खऱ्या गाडीवर पाऊण-एक मिलिमीटर रंग थापला तर कसं दिसेल, तसं हे. दाराच्या कडेच्या फटी बुजतात, गाडी साबणात बुडवून काढल्यासारखी गुळगुळीत होते. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा, नोझल 0.3 मिलिमीटरचं, आणि हात हलका. रंगाआधी दाराच्या फटी सुईनं थोड्या खोल कोरून घ्यायच्या, म्हणजे रंग बसल्यावर त्या बरोबर मापाच्या उरतात.

मेटॅलिक रंगात हीच अडचण वेगळ्या रूपात येते. मोटारीच्या मेटॅलिक रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे 10 ते 40 मायक्रॉनचे असतात. खऱ्या दारावर ते वेगळे दिसत नाहीत, नुसती झळाळी दिसते. तोच रंग मॉडेलवर मारला तर चाळीस मायक्रॉनचा पापुद्रा त्या मापात जवळपास एक मिलिमीटरचा होतो, आणि गाडीवर जत्रेतल्या टिकल्या चिकटवल्यासारखं दिसतं. म्हणून मॉडेलसाठीचे मेटॅलिक रंग जास्त बारीक कणांचे असतात. गॅरेजमधला उरलेला रंग फुकट मिळाला तरी तो मी वापरत नाही.

थेंबाचा न बदलणारा स्वभाव मात्र एके ठिकाणी आपल्या बाजूनं उभा राहतो. टर्पेंटाइनमध्ये काळपट तपकिरी ऑइल पेंट अगदी पातळ करायचा, बारीक ब्रशच्या टोकावर एक थेंब घ्यायचा आणि दाराच्या फटीच्या एका टोकाला नुसता टेकवायचा. थेंब फटीत शिरतो आणि आपला आपण धावत सुटतो, बिजागरीला वळसा घालून थेट खालच्या कोपऱ्यापर्यंत. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं ते केशाकर्षण इथे रेघ ओढतं, आणि अशी सरळ रेघ कुठल्याही हाताला जमायची नाही. खालचा लॅकर टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, म्हणून चुकलेला रंग नंतर पुसताही येतो. इतकी वर्षं झाली, पण तो थेंब पळताना पाहायला मी अजून श्वास रोखून बसतो.

मांजरानं एकदा टेबलावरून गाडी पाडली. पाऊण मीटरवरून. मापात पाहिलं तर ही अठरा मीटरची उंची, खरी मोटार तिथून पडली तर तिचा चुराडाच होईल. माझ्या गाडीचा फक्त एक आरसा तुटला. लांबी चोवीस पट कमी झाली की वजन 24 गुणिले 24 गुणिले 24, म्हणजे 13,824 पट कमी होतं. साडेसहाशे किलोची गाडी 47 ग्रॅमवर येते. भागांची ताकद मात्र त्यांच्या छेदावर ठरते, ती 576 पटच घटते. लहान वस्तूला तिच्या वजनाच्या मानानं ताकद जास्त उरते ती अशी.

वय झालं की या छंदात डोळे आधी बोलतात. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, शाळेत दहा सेंटिमीटरवरून दिसणारा डॅशबोर्ड आता हातभर लांब धरावा लागतो. मी डोक्याला लावायचं भिंग वापरतो. हात थरथरणं हा म्हातारपणाचाच प्रकार नाही. प्रत्येक निरोगी हातात सेकंदाला 8 ते 12 वेळा बारीक कंप असतो. दोन्ही कोपरं टेबलावर आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली की त्याचा पल्ला खूप घटतो. गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी करताना काका करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवत, ते याचसाठी.

सध्या टेबलावर बंदरावरचा मासळीचा टेंपो आहे. असल्या गाडीचं किट मिळत नाही, म्हणून पॉलिस्टायरीनच्या शीटमधून कापून केलाय. त्यासाठी मी दोन महिने बंदरावर जाऊन गंजच पाहत होतो. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून झिरपून दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानीत साठतं. पावसाळ्यात आर्द्रता 75 टक्क्यांच्या खाली क्वचितच येते, म्हणून तिथलं मीठ कधी सुकतच नाही आणि लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पदर सतत राहतो. गंजायला तेवढं पुरतं. जुना गंज गडद तपकिरी, जवळजवळ काळा. नारिंगी फक्त ताज्या कडेला, आणि तिथून खाली पावसानं ओढलेले फिके ओघळ. नुसता नारिंगी फासला की टेंपो खोटा दिसतो.

गंजाचे पोपडे उठवायलाही मीठच लागतं. आधी सगळीकडे गंजाचा रंग मारून वाळवायचा. मग हवं तिथे पाण्याचं बोट फिरवून मिठाचे खडे चिकटवायचे, सुकले की वरून गाडीचा निळा रंग. पावसाळ्यात हे होत नाही, खड्यांना पाणी सुटून ते ओघळतात. म्हणून मी पौषाची वाट पाहिली आणि शिरोड्याहून जाडं मीठ आणलं. तिथल्या मिठागरांवर 1930 साली सत्याग्रह झाला होता.

काल दुपारी बरणीतलं मीठ खुळखुळत होतं. निळा रंग सुकल्यावर मी अंगठ्यानं दाराच्या खालच्या कडेवरचे खडे हलकेच चोळले. एकेक सुटून टेबलावर पडला, आणि प्रत्येकाच्या जागी वेड्यावाकड्या काठाचा तपकिरी डाग उघडा झाला.