डाळिंबी, पण कुठल्या उजेडातला?

सांगलीत माझ्या आतेबहिणीचं मॅचिंग सेंटर आहे. दहा बाय अठराचा गाळा, तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, त्यांवर रुबिया आणि टू-बाय-टूचे तागे, काउंटरखाली फॉल आणि अस्तरं. मागे एका दिवाळीच्या तोंडावर तिने दुकानाचं ‘ब्रँडिंग’ करायचं मनावर घेतलं. ओळखीतून एक सल्लागार मिळाला. केशरी रंगाने गिऱ्हाइकाचा उत्साह वाढतो, निळ्याने विश्वास बसतो, शिवाय दार उत्तरेला आहे म्हणजे अमुक रंग वर्ज्य, असं बरंच काही त्याने ऐकवलं. आठवड्याभरात भिंती, छत, फळ्यांच्या कडा, काउंटर, सगळं केशरी झालं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. “दादा, पांढरा कुठला आणि मोतिया कुठला, हे आता मलाच कळेनासं झालंय. तुझ्या फिजिक्समध्ये याचं काही आहे का?”

आहे. आणि ते रंगांच्या मानसशास्त्राच्या नावाखाली मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरापेक्षा कितीतरी रंजक आहे. लाल पाहून भूक लागते, निळा पाहून खिशातला हात ढिला होतो, असे ठाम नियम मला तरी पटत नाहीत. लाल म्हणजे नवरीचा शालू, लाल म्हणजे सिग्नल, लाल म्हणजे शिक्षकांनी वहीत मारलेली फुली. कुठला लाल कुणाला काय आठवून देईल, हे रंगाच्या डब्यावर छापलेलं नसतं.

आधी पांढऱ्या-मोतियाचा निकाल लावू. या दोन कापडांत फरक असतो तो मुख्यतः निळ्या प्रकाशात. पांढरं कापड निळा प्रकाशही भरपूर परत फेकतं, मोतिया त्यातला थोडा गिळतं. बाकी दोघं जवळपास सारखेच. आता केशरी भिंत म्हणजे निळा गिळणारी भिंत. समजा ती लाल प्रकाश ८० टक्के परत पाठवते आणि निळा १० टक्के. अरुंद गाळ्यात प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर आपटत राहतो. दोन वेळा आपटला की लाल उरतो ६४ टक्के, निळा फक्त १. दिव्यांतून थेट येणारा प्रकाश सोडला, तर कापडापर्यंत पोचणाऱ्या उजेडात निळा जेमतेमच. ज्या निळ्यात फरक दिसायचा तोच मुळात नाही, तर फरक दिसणार कुठून? भिंत ही नुसती भिंत नसते, तो दुकानातला सर्वांत मोठा दिवा असतो.

पण हा प्रश्न सोपा होता. मला ज्यात खरा रस आहे तो प्रकार मॅचिंगच्या धंद्यात रोज घडतो. बाई डाळिंबी साडी घेऊन येते. काउंटरवर काठ उलगडते, बहीण फळीवरून चार तागे काढून त्यावर टाकते. एक अगदी बेमालूम जुळतो. तरीही बाई म्हणते, “जरा उजेडात बघू.” साडीचं टोक आणि तागा घेऊन दोघी पायरीवर येतात, आणि तिथे तोच तागा विटकरी दिसायला लागतो. दुकानदार फसवत नाही, बाईच्या डोळ्यांतही दोष नाही. या प्रकाराला मेटॅमेरिझम म्हणतात. तो समजून घ्यायला दुकानाचाच गल्ला उपयोगी पडतो.

रात्री गल्ला मोजला तर ५,००० रुपये निघाले. आता त्या रकमेवरून सांगा, किती फॉल विकले आणि किती अस्तरं? नाही सांगता येणार. हजार प्रकारच्या विक्रीची बेरीज ५,००० येऊ शकते. आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रंगासाठी असे तीनच गल्ले आहेत. तीन तऱ्हेच्या शंकुपेशी. एकीची संवेदनशीलता ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास सर्वाधिक, दुसरीची साधारण ५३०, तिसरीची साधारण ५६०. (शेवटच्या दोघी किती जवळ आहेत पाहा. लाल-हिरव्याचा सगळा संसार या ३० नॅनोमीटरच्या फटीत थाटलेला आहे.) शंकुपेशीने प्रकाशाचा कण शोषला की तो कुठल्या तरंगलांबीचा होता हे ती विसरते. नोंद होते फक्त ‘एक आला’. म्हणजे वर्णपटात (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती, या यादीत) कितीही गुंतागुंत असो, मेंदूच्या हाती पडतात तीन बेरजा. दोन कापडांचे वर्णपट पूर्ण वेगळे असले आणि तिन्ही बेरजा सारख्या आल्या, तर ती कापडं आपल्याला एकाच रंगाची दिसतात.

आणि वर्णपट वेगळे असतातच. रेशमाला बहुधा आम्लधर्मी रंग चढवतात, सुताला रिअ‍ॅक्टिव्ह, पॉलिएस्टरला डिस्पर्स. तीन धागे, तीन वेगळी रसायनं. रंगाऱ्याने डोळ्याला एक दिसेल असा मेळ घातलेला असतो, रेणूंना नाही.

आता थोडा हिशेब. ज्याला गणिताचा कंटाळा असेल त्याने पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, मी रागावणार नाही.

समजा साडी हिरव्या प्रकाशाचा १० टक्के भाग परत फेकते, पिवळ्याचा ४०, लालचा ५०. ब्लाऊजपीस हिरव्याचा १९, पिवळ्याचा २३, लालचा ७४. दिसायला दोन अगदी वेगळे स्वभाव. लांब तरंगलांबीच्या (५६० वाल्या) गल्ल्याचे दर, म्हणजे कुठल्या प्रकाशाची तिथे किती नोंद होते ते, ढोबळमानाने हिरव्याला ९, पिवळ्याला ९, लालला ३ असे धरू. साडी: ९० अधिक ३६० अधिक १५०, म्हणजे ६००. ब्लाऊजपीस: १७१ अधिक २०७ अधिक २२२, म्हणजे पुन्हा ६००. मधल्या गल्ल्याचे दर १०, ६ आणि अर्धा. साडीचे ३६५, ब्लाऊजचेही ३६५. निळा गल्ला दोघांचा सारखाच धरू. जुळलं! हे झालं उन्हात, जिथे तिन्ही प्रकाश भरघोस आहेत. आता लाल निम्म्यावर आणा. साडीचा लांब गल्ला ५२५, ब्लाऊजचा ४८९. मधला ३५२.५ आणि ३४६.५. साडीच्या बाजूला लांब आणि मधल्या गल्ल्याचं गुणोत्तर १.४९, ब्लाऊजच्या बाजूला १.४१. साडीच्या मानाने ब्लाऊज आता लालसरपणात मागे पडलं. मॅचिंग फाटलं.

लाल निम्मा कुठे होतो? स्वस्त एलईडीखाली. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारी चकती आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप. (त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं.) निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. हासुद्धा तीन गल्ल्यांचाच चमत्कार. पण या मिश्रणात गडद लाल तोकडा पडतो. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ८० वगैरे छापलेलं असतं, ती सरासरी आठ सौम्य, फिकट नमुन्यांवर काढतात. गडद लालचा नमुना त्या आठांत नाहीच. तो नववा, आर-९ नावाचा, वेगळा मोजावा लागतो आणि खोक्यावर बहुधा नसतो. कुंकू, डाळिंबी, राणी, मरून हे ज्यांच्या गल्ल्याचे मानकरी, त्यांनी नेमका हाच आकडा विचारायला हवा.

एक गंमत राहिली. ‘उजेडात बघू’ म्हणणारी बाई पायरीवर उन्हात जुळवून घेते, पण साडी नेसणार संध्याकाळी सातला, कार्यालयाच्या हॉलमध्ये, एलईडीच्या झगमगाटात. तिचं मॅचिंग जुळलं ते तिला न लागणाऱ्या उजेडात.

उत्तरेच्या दाराबद्दलही सांगून टाकतो, कारण सल्लागाराने तिथे नकळत चांगल्या गोष्टीला हात घातला होता. उत्तरेच्या दारातून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा विखुरलेला, स्थिर उजेड येतो. चित्रकार पूर्वीपासून उत्तरेच्या खिडकीजवळ बसत आलेत ते याचसाठी. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो, तो मुख्य अपवाद. यात कुठलाही रंग वर्ज्य होत नाही. उलट रंग पारखायला ही दिशा उत्तम.

आता रंगाच्या शेजाऱ्यांबद्दल. पॅरिसच्या गोब्लँ या भिंतीवर टांगायच्या चित्र-गालिच्यांच्या राजाश्रयी कारखान्यात १८२४ साली मिशेल यूजेन शेव्ह्रल हा रसायनतज्ज्ञ रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार आली की काळा रंग कच्चा आहे, निळ्या-जांभळ्या विणकामात तो फिका पडतो. त्याने काळ्या लोकरीचे नमुने तपासले. रंग चोख होता. दोष शेजाऱ्यांचा होता. निळ्या-जांभळ्याला लागून बसलेल्या काळ्यावर डोळाच त्यांच्या विरोधी रंगाची झाक चढवत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे १०२ वर्षांचा होऊन वारला. दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे १० लाख तंतू, आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी १० कोटींहून जास्त. सगळं जसंच्या तसं कळवणं शक्यच नाही, म्हणून डोळा ‘शेजाऱ्यापेक्षा किती वेगळं’ एवढंच प्रामुख्याने कळवतो.

याचा पुरावा बहिणीच्या काचेत नवरात्रात दिसला. नऊ दिवसांचे नऊ तागे तिने ओळीने लावले होते. (वारावरून ठरणाऱ्या आणि वर्तमानपत्रांनी घराघरात पोचवलेल्या त्या नऊ रंगांना शास्त्राधार शोधू नये. गल्ल्याला मात्र त्यांचा भक्कम आधार आहे.) राखाडी तागा नेमका नारंगीला खेटून होता. दिवसभरात तिघींनी तक्रार केली की हा राखाडी नाही, निळसर आहे. तागा उचलून पांढऱ्याजवळ ठेवला, निळसरपणा गेला. काचेतल्या तागांचं आणखी एक दुखणं म्हणजे ऊन. महिन्याने तागा उलगडला की घडीच्या कडेला बोटभर फिकट पट्टा निघतो आणि तेवढं कापड कटपीसच्या ढिगात जातं. आता ती दर चार दिवसांनी घडी फिरवते.

मग दुकान रंगवायचं कसं? आतल्या भिंती तिने फिक्या, मरगळलेल्या राखाडी करून घेतल्या. रंगारी म्हणाला, “ताई, दवाखाना वाटेल.” पण तागे रंगचक्राच्या क्रमाने लावल्यावर, म्हणजे लिंबू, आंबा, अबोली, डाळिंबी, राणी, वांगी, चिंतामणी, मोरपंखी, बॉटल ग्रीन, पोपटी, भिंतीकडे कोणाचं लक्षच जात नाही. जाऊही नये. केशरी राहिला तो बाहेर, पाटीवर आणि पिशव्यांवर. तिथेही मेटॅमेरिझम आडवा आलाच. पाटी फ्लेक्सच्या शाईची, पिशवी छापखान्याच्या शाईची, शटरला ऑइलपेंट. दुकानातल्या ट्यूबखाली तिन्ही एक दिसणारे केशरी रस्त्यावर तीन निघाले. शेवटी तिने नमुने आतून पसंत करणं बंद केलं. पाटी, पिशवी, शटर सगळं उन्हात धरून ठरवलं, कारण लोक ते उन्हातच पाहणार.

आणि मी तिला एक खोकं करून दिलं. कापडाच्या प्रयोगशाळांत वेगवेगळे प्रमाणित दिवे लावलेली कपाटं असतात, त्याची ही गरीब आवृत्ती. प्लायवूडचं, आतून राखाडी रंगवलेलं, तीन बटणांचं. एक ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, आर-९ बरा असलेला दिवा, एक साधा एलईडी, एक जुना पिवळा बल्ब. पिवळ्या बल्बखाली नेव्ही ब्लू आणि काळा यांत फरक करता येत नाही, हे दाखवून ती गिऱ्हाइकांना चकित करते. “कार्यक्रम दिवसा की रात्री?” असं विचारून मग बटण दाबते. केशरी पाटीवर खर्च झाला पंचवीस हजार, आणि परवा बसस्टँडवर रिक्षावाल्याला एक बाई पत्ता सांगत होती, “ते तीन दिव्यांचं दुकान.”

हल्ली पुण्याहून, ठाण्याहून मोबाइलवर साडीचा फोटो येतो, या रंगाचं ब्लाऊजपीस कुरिअर करा म्हणून. कॅमेऱ्यालाही तीनच गल्ले, पण त्यांचे दर आपल्या डोळ्यांपेक्षा वेगळे. वर फोन स्वतःच्या अकलेने पांढऱ्याची जुळवणी करतो, आणि पाहणाऱ्याचा स्क्रीन आपले तीन दिवे लावून त्याचं पुन्हा भाषांतर करतो. बहीण एकच उत्तर पाठवते. “फोटो नको. पदराच्या आतल्या बाजूचा दोन बोटं तुकडा पाकिटात घालून पाठवा, आणि लग्न कुठल्या हॉलला ते कळवा.”