लाकडी डेकवरील संरक्षक लेप

लाकडी डेकवरील संरक्षक लेप : उघड्यावरील फळ्यांच्या जमिनीचे (डेकचे) ऊन, पाणी व बुरशी यांपासून रक्षण व्हावे म्हणून तिच्यावर लावण्यात येणारी तेले, रोगणे आणि रंगलेप. पृष्ठावर पापुद्रा धरणारे (तैलरंग, रोगण, दाट रंगलेप) आणि लाकडात मुरणारे (जलरोधी द्रव्ये, तेले, अर्धपारदर्शक रंगलेप) असे यांचे दोन वर्ग करतात. निवडीच्या दृष्टीने व्यापारी नावापेक्षा हा भेद महत्त्वाचा ठरतो.

लेपनाची प्रथा प्राचीन आहे. देवदारवर्गीय वृक्षाचे तेल चोपडलेल्या लाकडाला कीड व कूज लागत नाही, असे रोमन लेखक प्लिनी याने इ. स. पहिल्या शतकात नोंदविले आहे. जवसाच्या तेलात राळ विरघळवून रोगण करण्याची कृती थिओफिलस या कलाकृतींवर लिहिणाऱ्या मध्ययुगीन ग्रंथकाराच्या सामान्यतः बाराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या लेखनात आढळते. ‘रोगण’ हा शब्द तेल या अर्थाच्या फार्सी ‘रौगन’ वरून आला. ‘व्हार्निश’चे मूळ वादग्रस्त आहे. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘व्हेरोनिक्स’ हे एका सुगंधी राळेचे नाव त्यामागे आहे, यावर बहुतेकांचे एकमत दिसते. मात्र ते नाव उत्तर आफ्रिकेतील बेरेनीकी या नगरावरून पडले की त्याच नावाच्या राणीच्या पिंगट केसांवरून, याबद्दल मतभेद आहेत. नगराचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

ऱ्हासाची कारणे : सूर्यप्रकाशातील जंबुपार (अतिनील) किरणांनी लाकडातील लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य) विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे सेल्युलोजचे करडे तंतू उरतात. ही झीज फार मंद असते. मऊ लाकडात ती शंभर वर्षांत सुमारे ५–६ मिमी. भरते. त्यामुळे करडे पडणे आणि कुजणे या भिन्न गोष्टी होत. कूज बुरशीमुळे होते व लाकडातील ओलावा कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिल्यास बुरशी सहसा वाढत नाही. लेप ओलावा रोखून कुजीला अप्रत्यक्ष अटकाव करतो एवढेच. खरा कुजरोध लाकडात दाबाने भरलेल्या परिरक्षकांनी साधतो. भारतीय संशोधक सोंटी कामेशन यांनी १९३३ मध्ये शोधलेले तांबे-क्रोमियम-आर्सेनिक मिश्रण हे त्यांपैकी दीर्घकाळ सर्वाधिक प्रचारात होते. आर्सेनिकमुळे अमेरिकेत निवासी वापरासाठी ते २००३ अखेर मागे घेण्यात आले.

निवड : डेकची जमीन आडवी असते, तिच्यावर पाणी साचते आणि पायांनी ती घासली जाते. शिवाय ओलाव्याच्या चढउताराने फळी सतत फुगते व आकसते. पापुद्रा या हालचालीत तडकतो, चिरेतून शिरलेले पाणी त्याखाली अडकते आणि पापुद्रा सुटू लागतो. मग तो खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसते. मुरणारा लेप विरत जातो, सोलवटत नाही. डेकवर तो १–२ वर्षांत पुन्हा द्यावा लागतो, पण स्वच्छ धुऊन त्याच जागी देता येतो. म्हणून चालण्याच्या पृष्ठासाठी हाच वर्ग श्रेयस्कर मानतात. त्यातही रंगद्रव्ययुक्त लेप घ्यावा, कारण जंबुपार किरण मुख्यतः लोह-ऑक्साइडासारखी रंगद्रव्येच अडवितात. लाकडाचा मूळ रंग तसाच राखणारा पारदर्शक लेप लोकप्रिय असला, तरी उन्हात तोच सर्वांत आधी निष्प्रभ होतो.

जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून बहुवारिकीकरणाने (रेणू एकमेकांस जोडले जाऊन) घट्ट होते. कच्चे तेल फार सावकाश वाळते आणि बुरशीचे खाद्य बनते. रंगाऱ्यांच्या बेलतेलात (‘उकळलेल्या’ जवसाच्या तेलात) शुष्कके (वाळणे जलद करणारी द्रव्ये) असल्याने ते लवकर वाळते. टुंग वृक्षाच्या बियांच्या तेलातील द्विबंध संयुग्मित (एकाआड एक) असल्यामुळे त्याचा थर पाण्याला अधिक दाद देत नाही. सागवानासारख्या तेलकट किंवा फार घट्ट लाकडात कोणतेच तेल नीट मुरत नाही; तेथे हात पातळच द्यावा.

नव्या फळ्यांवर लेप का धरत नाही, याविषयी ‘मिल ग्लेझ’ ही उपपत्ती प्रसिद्ध आहे. बोथट पात्यांच्या रंधायंत्रात घर्षणाने तापून लाकडातील अर्कद्रव्ये पृष्ठावर येतात व काचेसारखी चकाकी धरतात, असे तिचे समर्थक म्हणतात. अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पाद प्रयोगशाळेच्या अभ्यासात मात्र अशा थराचा ठोस पुरावा मिळाला नाही. तेथील संशोधकांच्या मते, वृद्धिवलयांना (खोडातील वार्षिक वर्तुळांना) स्पर्शरेषेत कापलेल्या फळीत पाती कठीण पट्टे खालच्या मऊ पट्ट्यांत दाबून बसवितात. फळी भिजली की ते उसळून वर येतात आणि वरचा पातळ लेप फाटतो. लेप देण्याआधी फळी काही आठवडे उन्हात पडून राहणे हेही कारण असू शकते. प्रयोगशाळेचे हे स्पष्टीकरण ‘मिल ग्लेझ’पेक्षा अधिक सयुक्तिक दिसते. उपाय मात्र दोन्ही पक्षी सारखाच : ६०–८० क्रमांकाच्या पॉलिश कागदाने घासून लगेच लेप देणे. याहून गुळगुळीत घासल्यास शोषण उलट घटते.

फळीची कापलेली टोके बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी ओढतात, म्हणून त्यांना दोन हात द्यावेत. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास ऑक्सिडीभवनाच्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून त्या पाण्यात बुडवून ठेवतात किंवा सुट्या पसरून वाळवितात.