बादलीत तपासलेली फ्लाय

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातून वाहणारी सस्क्वेहाना नदी रुंद, उथळ आणि खडकाळ आहे. उन्हाळ्यात तिच्या कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, लवचिक काठीने स्मॉलमाउथ बास हा मासा पकडणारे लोक हमखास दिसतात. त्यांच्या गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी नसते, तर केस, पिसे आणि दोरा यांपासून हाताने बांधलेले दोन-तीन इंचांचे कृत्रिम भक्ष्य असते. त्याला फ्लाय, म्हणजे माशी, असे म्हणतात. प्रत्यक्षात ते कीटकाच्या अळीचे रूप असेल, क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या, झिंग्यासारख्या कवचधारी प्राण्याचे असेल किंवा एखाद्या लहान माशाचेही असेल. माशी आणि मासा या शब्दांची गल्लत होऊ नये म्हणून या लेखात फ्लाय हाच शब्द वापरला आहे.

स्मॉलमाउथ बास मुळात ग्रेट लेक्स आणि मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातला. पूर्वेकडील नद्यांत त्याला माणसांनी आणले. १८५४ मध्ये बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनासाठी असलेल्या पाण्याच्या टाकीतून काही मासे पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात नेऊन सोडण्यात आले आणि पुढे तो सस्क्वेहानातही रुळला. खडकांच्या फटींमध्ये दडणारे क्रेफिश, तळाशी राहणारे लहान मासे आणि डॉब्सनफ्लाय या कीटकाची हेलग्रामाइट नावाची दणकट, काळपट अळी हे त्याचे आवडते खाद्य आहे. याच अळीची नक्कल म्हणून १९६७ मध्ये रसेल ब्लेसिंग यांनी पेनसिल्व्हेनियात ‘वूली बगर’ ही फ्लाय बांधली. पुढे १९८० च्या दशकात सस्क्वेहानाकाठच्या मिडलटाउनचे बॉब क्लाउझर यांनी ‘क्लाउझर डीप मिनो’ तयार केली. आज या दोन्ही फ्लाय जगभर वापरल्या जातात, आणि गंमत अशी की जवळून पाहिल्यास दोन्हींपैकी एकही कोणत्याच प्राण्यासारखी हुबेहूब दिसत नाही.

घरी फ्लाय बांधणाऱ्याने हीच गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. टेबलावर, दिव्याखाली फ्लाय कशी दिसते याला फार थोडे महत्त्व आहे. ती पाण्यात कशी पडते, कशी थांबते आणि थांबल्यावर तिचे कोणते भाग हलत राहतात, यावर सारे अवलंबून असते. त्यामुळे तिची पहिली परीक्षा नदीवर होत नाही, ती घरच्या बादलीत होते.

क्लाउझर फ्लायचे उदाहरण घेऊ. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात, घट्ट धरलेल्या गळाच्या दांड्यावर, पुढच्या टोकापासून साधारण एकतृतीयांश अंतरावर, डंबेलच्या आकाराचे धातूचे दोन जोडगोल डोळे आडवे बांधतात. ते दांड्याच्या वरच्या बाजूला असल्याने पाण्यात वजन खाली येते, गळ उलटा होतो आणि त्याचे टोक वर राहते. साहजिकच खडकाळ तळावर तो कमी अडकतो. मग दोन रंगांचे केस बांधतात. हे केस पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे असतात. त्याच हरणाच्या अंगावरचे केस घेतले तर मात्र वेगळेच घडते. अंगावरच्या केसाच्या आत हवेने भरलेल्या पोकळ्यांची जाळी असते. दोऱ्याचे दोन सैल वेढे देऊन हळूहळू ताण वाढवला की दोऱ्याखालचा केस दबतो आणि दोन्ही टोके फुलासारखी उसळून उभी राहतात. हे फुललेले केस दाटीवाटीने बांधून कात्रीने कातरले की पाण्यावर तरंगणारी फ्लाय तयार होते, कारण ती हवा केसांतच अडकलेली असते. शेपटीच्या टोकाकडचे केस तुलनेने भरीव असल्याने ते दोऱ्याखाली सरळ पडून राहतात आणि म्हणूनच बुडणाऱ्या फ्लायसाठी योग्य ठरतात.

मी बांधलेल्या पहिल्या काही क्लाउझर फ्लाय भरघोस आणि देखण्या होत्या. बादलीत सोडल्या तेव्हा त्या रंगाच्या कुंच्यासारख्या फुगून, रेंगाळत खाली गेल्या. केस निम्म्याने कमी केल्यावर तीच फ्लाय डोके खाली करून सुळकन उतरली आणि मागचे विरळ केस एकमेकांपासून सुटे होऊन थरथरू लागले. सस्क्वेहानातील लहान मासे आरपार दिसावेत इतके सडपातळ असतात, हे तेव्हा मला खऱ्या अर्थाने उमगले.

बुडण्याचा वेग मोजणे सोपे आहे. फ्लाय आधी पाण्यात चांगली पिळून भिजवावी, कारण कोरड्या केसांत आणि विशेषतः माराबू या मऊ पिसांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि पहिली मोजणी हमखास चुकते. उंच पारदर्शक भांड्यावर दोन खुणा करून त्यांमधले अंतर कापायला लागणारा वेळ पाच-सहा वेळा मोजावा. वरची खूण पृष्ठभागापासून थोडी खाली असावी, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत फ्लायचा वेग स्थिर झालेला असतो. त्या स्थिर वेगात पाण्यातले वजन आणि पाण्याचा विरोध समसमान असतात. या आकाराच्या वस्तूंसाठी विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वजन दुप्पट केले तरी वेग दुप्पट होत नाही. तो सुमारे १.४ पट होतो.

या साध्या गणितातून एक महत्त्वाचा प्रश्न सुटतो. डोळ्यांसाठी पूर्वापार शिसे वापरले जाते. पण शिसे विषारी आहे, आणि उत्तर अमेरिकेच्या तळ्यांवर राहणारे लून पक्षी मासेमारीच्या साहित्यातले शिशाचे तुकडे गिळून मरतात. न्यू हॅम्पशायर आणि मेनसारख्या राज्यांनी शिशाच्या लहान वजनांवर बंदी घातली, ती यामुळेच. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट, पितळेची ८.५ पट आणि टंगस्टनची १९.३ पट आहे. पाण्याची उत्प्लावकता वजा केली तर उरतात अनुक्रमे १०.३, ७.५ आणि १८.३. त्यांची वर्गमुळे ताडून पाहिली की समान आकाराचे पितळी डोळे लावल्यास वेग फक्त १५ टक्क्यांच्या आसपास घटतो, तर टंगस्टन लावल्यास तो जास्तीत जास्त एकतृतीयांशाने वाढतो. गळाचे स्वतःचे वजन धरले तर हे फरक आणखी कमी होतात. केस थोडे विरळ केले की पितळेची तूट सहज भरून निघते. शिशाला चिकटून राहण्याचे काहीही कारण मला यात दिसत नाही.

फ्लायच्या मऊपणामागेही शास्त्र आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. तिच्यातील संवेदी पेशी पाण्याची सूक्ष्म हालचाल टिपतात. खेच थांबल्यावरही माराबूचे तंतू प्रवाहाबरोबर हलत राहतात, आणि बास बहुधा याच थांबलेल्या क्षणी झडप घालतो. झडप म्हणजे चावा नव्हे. मासा क्षणार्धात तोंडाची पोकळी फुगवतो, आतला दाब घटतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. या ओढीचा जोर तोंडापासून जेमतेम एका तोंडाच्या रुंदीइतक्या अंतरापर्यंतच टिकतो. हलकी, मऊ फ्लाय पाण्यासोबत आत जाते, तर जड आणि ताणलेल्या दोरीला आवळून बांधलेली फ्लाय मागे राहते. म्हणून फ्लाय आवळलेल्या गाठीऐवजी मोकळ्या फासाने बांधावी.

रंगाची चर्चा मासेमारांमध्ये सर्वांत जास्त रंगते, पण तिच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. स्मॉलमाउथच्या जवळच्या नात्यातल्या लार्जमाउथ बासवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की त्याच्या डोळ्यांत लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकूपेशी असतात. लाल आणि हिरवा तो सहज ओळखतो, मात्र पोपटी पिवळा आणि पांढरा यांत, तसेच निळा आणि काळा यांत त्याचा गोंधळ होतो. सर्वांत लोकप्रिय क्लाउझर फ्लाय नेमकी पोपटी पिवळी आणि पांढरी असते.

बादलीतून उत्तीर्ण झालेली फ्लाय नदीवर नेली की खरी अडचण सुरू होते, कारण नदीवर फसगत फार सहज होते. दोन फ्लाय अगदी तोडीस तोड असल्या, तरी एकूण १० मासे लागल्यावर त्यांपैकी एकीला ६ किंवा अधिक मासे मिळण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के असते. नाणे १० वेळा उडवल्यावर जे होते तेच हे. म्हणजे ६ विरुद्ध ४ या निकालावरून काहीच सिद्ध होत नाही. एकूण ४० मासे झाल्यावर विभागणी २७ विरुद्ध १३ किंवा त्याहून एकतर्फी झाली, तर ती निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के उरते आणि फरकाकडे गांभीर्याने पाहता येते. शिवाय एखाद्या डोहात जी फ्लाय आधी पडते तिला निर्धास्त मासे मिळतात, नंतरचीला सावध झालेले. त्यामुळे कोणती फ्लाय आधी टाकायची हे प्रत्येक डोहावर नाणे उडवून ठरवावे, दोघींना सारखाच वेळ द्यावा आणि दोघींमध्ये एकच फरक ठेवावा. वजनही वेगळे आणि रंगही वेगळा असेल, तर निकाल कशामुळे लागला हे सांगता येत नाही.

सध्या माझ्या वहीत दोनच रकाने आहेत, शिसे आणि पितळ. केस एकाच शेपटीचे, गळ एकाच मापाचे, दोरा एकाच रिळाचा. पितळी फ्लायचे केस मात्र इतके विरळ केले आहेत की बादलीतल्या दोन खुणांमधले अंतर कापायला दोघींना सारखाच वेळ लागतो. पाण्याचे तापमानही दर फेरीला लिहितो, कारण पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बास मंदावतो आणि वेगाने खेचलेल्या फ्लायमागे क्वचितच जातो. रकान्यांची बेरीज ४० झाल्याशिवाय करायची नाही, हे मी ठरवले आहे, आणि तोवर शिशाची फ्लाय तुटून नदीत राहू नये म्हणून ती जाड दोरीला बांधावी की काय, हा मोह टाळतो आहे. तसे केले तर दोघींमध्ये दुसरा फरक पडेल.